संबळ वाजला की गॅदरिंग

पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असं छापलेलं असायचं, पण आमच्या तोंडी कायम गॅदरिंगच. दिवाळीची सुट्टी संपून पाचगणीकडची थंडी खाली वाईत उतरली की सातवीच्या वर्गातले बाक व्हरांड्यात यायचे आणि तिथे तालमी सुरू व्हायच्या. फिशपाँड, एकपात्री, इंग्रजीच्या बाईंनी बसवलेली नाटिका हे सगळं व्हायचंच. पण गावातली माणसं घोंगड्या, शाली घेऊन रात्री उशिरापर्यंत मांडवात बसून राहायची ती शेवटच्या कार्यक्रमासाठी. शाहीर साबळ्यांच्या गाण्यांवर बसवलेली आमची लोकधारा.

आमच्या मराठीच्या गुरुजींनी मुंबईत शाहिरांची ‘महाराष्ट्राची लोकधारा’ पाहिली होती, आणि ती त्यांच्या अंगात भिनली होती. वासुदेव, गवळण, कोळीगीत, भारूड, गोंधळ असं सगळं एका रात्रीत, एका रंगमंचावर कसं उभं राहिलं ते सांगताना त्यांचे हात थांबायचे नाहीत. मग म्हणायचे, “आणि हा माणूस कुठला? सायकलवरून जाल तिथला.”

खरंच होतं ते. पसरणी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म तिथला, ३ सप्टेंबर १९२३ चा. आमच्या वर्गात पसरणीची चार-पाच पोरं होती. पोवाड्याच्या वेळी डफ कुणी धरायचा यावर कधी वाद झाला नाही, तो मान त्यांचाच. “आमचा शाहीर” असं म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

तालीम रंगली की गुरुजी मध्येच थांबवून शाहिरांची गोष्ट सांगायचे. पसरणीचा हा मुलगा शिकायला पार खानदेशात, अमळनेरला गेला. तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गाण्याला दिशा मिळाली. स्वातंत्र्याच्या चळवळीत हा आवाज होता, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होता. तमाशातला गण, बतावणी, वग यांचा बाज घेऊन शाहिरांनी मुक्तनाट्य उभं केलं. ‘आंधळं दळतंय’ हे नाव ऐकून आम्ही हसलो, तेव्हा गुरुजी एकदम गंभीर झाले. मुंबईत मराठी माणसाला काम मिळेना, त्याचं दुःख आहे त्यात, म्हणाले. आमच्यातल्या निम्म्या पोरांचे काका-मामा मुंबईत गिरणीत होते. वर्ग गप्प झाला.

एका वर्षीची आठवण मात्र सगळ्यांत ठसठशीत आहे. गोंधळ आम्ही कॅसेटवर बसवला होता. दिवटी म्हणून काठीला लाल-पिवळा जिलेटिनचा कागद. गुरुजींनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर बंद केला आणि शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गोंधळ्यांना घेऊन आले. गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायला लागलो. मामांनी आमची कागदी दिवटी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि हळूच बाजूला ठेवली.

“पोरांनो, दिवटी नाचवायची न्हाई. ती आईची हाय. तेल घालायचं, वात पेटवायची, मग धरायची.”

त्यांनी संबळावर टिपरू मारलं, तेव्हा वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. इतकी वर्षं हे संबळ आम्ही लग्नानंतरच्या गोंधळात, अर्धवट झोपेत आईच्या मांडीवर पडून ऐकलं होतं. ते शिकण्यासारखं, बघण्यासारखं काही आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दारोदार फिरणाऱ्या वासुदेवाचं, गोंधळ्याचं गाणं शाहिरांनी रंगमंचावर नेलं, तिथून ते कॅसेटमध्ये गेलं, आणि आमच्या गुरुजींनी ते पुन्हा मामांच्या हातात दिलं. हे आता इतक्या वर्षांनी मांडता येतं. तेव्हा फक्त अंगावर काटा आला होता.

भारुडाचीही अशीच मजा. नाथांचा विंचू शाहिरांच्या आवाजात ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाला होता. विंचू चावलेला पोरगा इतका तडफडायचा की पुढच्या रांगेतली आजीबाई खरंच उठून बघायची. हा विंचू कामक्रोधाचा, हे गुरुजींनी समजावलं होतं. आम्हाला मात्र ते तडफडणंच आवडायचं.

मी कधी पुढे नव्हते, मी झील धरायचे, म्हणजे शाहिराच्या मागे उभं राहून त्याचा सूर उचलायचे. पोवाड्याला मुली झील धरतात का, असं कुणीतरी विचारलंच. गुरुजी म्हणाले, “आवाज सुरात आहे ना? मग धरतात.” आईचं इरकल नऊवारी नेसून, तुणतुण्यामागे उभी राहून मी चार वर्षं ‘जी जी रं जी’ म्हटलं.

शेवट ‘जय जय महाराष्ट्र माझा’नं. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, पण आमच्यासाठी ते शाहिरांचंच गाणं. नद्यांच्या नावांत कृष्णा आली की मांडवातून टाळी पडायची, कारण ती आमची, घाटावरची, रोजची कृष्णा.

शाहिरांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पांगलो होतो. २० मार्च २०१५ ला ते गेल्याची बातमी आली आणि दिवसभर जुन्या वर्गातल्यांचे फोन येत राहिले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते गाणं राज्यगीत झालं, तेव्हा गुरुजी हवे होते असं फार वाटलं.

मागच्या हिवाळ्यात माजी विद्यार्थी म्हणून शाळेत जमलो. जेवणं झाल्यावर कुणीतरी कपाटातून डफ काढला. पसरणीचा आमचा वर्गमित्र आता आजोबा झालाय, आवाज बसलाय. त्यानं डफ शेकायला शेकोटीपाशी धरला, थाप मारून पाहिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ए, मागं उभी राहा की. झील कोण धरणार?”

मी उठले.