जुन्या गाड्यांवरून श्रीवर्धन, दापोली आणि आंबेनळी: मीटरच्या केबलसह

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी राजदूत ३५० आणि माझ्या मित्राची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट अशा दोन जुन्या मोटारसायकलींवरून आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला गेलो, बागमांडल्याहून तरीने (फेरीबोटीने) वेसवीला उतरलो, दापोलीला मुक्काम करून खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर असे चौथ्या दिवशी घरी परतलो. कोकणातल्या रस्त्यांविषयी आणि समुद्राविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी मुख्यतः मीटरच्या केबलविषयी लिहिणार आहे, कारण या प्रवासात दोन्ही गाड्यांची मीटरे बंद पडली आणि दोन्हींचे कारण प्रवास सुरू होण्याआधीच घडून गेलेले होते.

राजदूत ३५० म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली यामाहाची आरडी ३५०. हिला वेगाचे मीटर आणि आरपीएमचे (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते ते दाखवणारे) मीटर अशी दोन्ही मीटरे आहेत आणि दोन्ही केबलवर, म्हणजे आवरणाच्या आत फिरणाऱ्या तारेवर, चालतात. वेगाच्या मीटरची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून (मधल्या भागातून) फिरते, तर आरपीएमची इंजिनातून. अशा गाडीत पेट्रोलचा काटा नसतो. टाकी भरल्यापासून किती किलोमीटर झाले, यावरूनच रिझर्व्ह कधी लागणार याचा अंदाज बांधायचा असतो. माझी गाडी लिटरला २० ते २२ किलोमीटर देते. म्हणून केबल तुटली की वेग कळत नाही ही तक्रार दुय्यम ठरते, खरा घोर पेट्रोलचा लागतो.

पौड सोडले, मुळशीचे पाणी उजवीकडे दिसू लागले, तेव्हा हँडलजवळून रातकिड्यासारखी किरकिर ऐकू आली. त्याबरोबर वेगाचा काटा ४० च्या आसपास नाचू लागला. गाडी ठरावीक वेगाने चालली असताना काटा पुढेमागे हलत असेल, तर आतली तार सरळ फिरत नसून अडखळत, पीळ साठवत आणि मग तो एकदम सोडत फिरते आहे असे समजावे. मी तेव्हा थांबायला हवे होते. घाट उतरून निजामपूर, माणगाव झाले आणि म्हसळ्याच्या अलीकडे काटा शून्यावर जाऊन पडला. किरकिरही थांबली. सुदैवाने माणगावला टाकी काठोकाठ भरून घेतली होती, आणि ताम्हिणीतून येणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे असे मी सांगेन. पुढचे अंतर मैलाच्या दगडांवर मोजले.

श्रीवर्धनला आम्ही उतरलो होतो त्या घराचे अंगण सारवलेले होते आणि मागे सुपारीची वाडी होती. काकूंनी जुनी वर्तमानपत्रे दिली, आम्ही ती अंधार पडायच्या आत पसरली आणि कामाला लागलो. दोष केबलचा, मीटरचा की हबचा, हे आधी ठरवावे लागते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मित्राला मागच्या बाजूने दाब द्यायला सांगितले की पुढचे चाक अधांतरी होते. मग मीटरकडचा नट हाताने सोडवून केबल बाहेर काढावी आणि चाक फिरवावे. तारेचे चौकोनी टोक फिरत असेल तर केबल ठीक आहे आणि मीटर बिघडले आहे. टोक फिरत नसेल तर केबल किंवा हबमधला गिअर. हबकडून केबल काढून चाक फिरवले की दोहोंतला फरकही कळतो. माझे टोक स्थिर राहिले आणि मी तार ओढली तेव्हा ती अर्धीच हातात आली. उरलेला तुकडा हबच्या बाजूने निघाला.

तार कुठे तुटली हे नीट पाहावे, कारण बहुतेक वेळा त्यावरून कारण सांगता येते. मीटरजवळ तुटली तर मीटरचा दांडा जड फिरतो आहे अशी शंका घ्यावी. हबजवळ तुटली तर खालून शिरलेले पाणी आणि गंज तपासावा. मध्ये तुटली तर केबलला तिथे तीव्र वळण मिळाले आहे. माझी तार हेडलाइटच्या मागे तुटली होती, आणि तुटण्याच्या जागी तिचे वेढे उलगडून झाडूच्या काड्यांसारखे फाकले होते. तिथेच कोणी तरी, बहुधा पावसाळ्यापूर्वी वायरिंगचे काम केलेल्या गॅरेजमध्ये, केबलचे आवरण प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला करकचून आवळले होते. केबलच्या वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. ही पट्टी न काढता नवी तार घातली असती, तर तीही काही दिवसांत तिथेच तुटली असती.

मी सुटी तार घरून सोबत घेतली होती. बाजारात मिळणारी तार मूळच्या तारेएवढी असेलच असे नाही, म्हणून जुन्या तुकड्यांची टोके जुळवून लांबी मोजली. नवी चार मिलिमीटर लांब निघाली. आवरणाच्या बाहेर तार जास्त डोकावली तर नट आवळताना ती मीटरच्या आत रेटली जाते आणि मीटर खराब करते. टोक घासून मूळच्या मापाला आणले, चौकोनाच्या कडा गोलसर झाल्या नाहीत याची खात्री केली. मग तार काकूंच्या ओसरीवरच्या गुळगुळीत फरशीवर हलक्या हाताने लोळवून पाहिली. वाकडी तार लोळताना मधेच उचलते आणि टपटप वाजते. नव्या तारेलाही असा बाक असू शकतो, तेव्हा हे पाहणे टाळू नये.

आवरण आतून धुण्यासाठी रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. आम्ही बुलेटच्या टाकीतून थोडे पेट्रोल काढले आणि ते आवरणात ओतून दोनदा निथळू दिले. टू-स्ट्रोक गाडीच्या टाकीत तेल मिसळलेले पेट्रोल असेल तर ते मात्र वापरू नये. वाळल्यावर त्याचा तेलकट थर राहतो. आवरण पूर्ण वाळायला अर्धा तास दिला, आणि हे सगळे उघड्यावर, विडी-सिगारेट आणि चूल यांपासून लांब केले.

आता ग्रीस, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. तारेचे बारीक वेढे स्क्रूसारखे असतात. तार फिरू लागली की जास्तीचे ग्रीस किंवा तेल त्या वेढ्यांवरून हळूहळू वर चढते आणि मीटरमध्ये शिरते. क्लचच्या किंवा अॅक्सिलेटरच्या केबलला तेल सोडतात, कारण ती तार फक्त मागेपुढे सरकते. फिरणाऱ्या केबलला तोच न्याय लावू नये. मी बोटाच्या चिमटीत मॉलिब्डेनमयुक्त हलके ग्रीस घेऊन तारेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागावर इतके पातळ लावतो की तार तेवढी चकाकावी. वरचे १५ सेंटिमीटर पुसून अगदी कोरडे ठेवतो. आरपीएमच्या केबलला मी याहूनही कमी लावतो. तिच्या खालच्या टोकाचे ऑइल सील (तेल अडवणारे कडे) झिजले की इंजिनाच्या बाजूचे तेलही तसेच वर येते, आणि त्या केबलला वंगण कमी नसून जास्तच मिळत असते.

माझ्या मित्राने निघण्यापूर्वी आपल्या बुलेटच्या केबलमध्ये ग्रीस भरले होते. प्रेमाने, पण भरपूर. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वराच्या देवळापाशी गाडी उभी केली तरी त्याचा काटा ४० वरच टेकून राहिला. मीटरमध्ये फिरते चुंबक असते आणि त्याच्या भोवती, त्याला न चिकटता, अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरले की वाटी ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. त्या बारीकशा फटीत ग्रीस गेले की वाटी चुंबकाला चिकटल्यासारखी होते. हे रस्त्यात दुरुस्त करता येत नाही. आम्ही त्याची केबल मीटरकडून सोडवली, टोकाला पिशवी बांधली आणि उरलेला प्रवास माझ्या मीटरवर केला.

दोन्ही गाड्यांचे मीटर एकाच वेळी गेले असते, तरी काम अडले नसते. ६० च्या वेगाने एक किलोमीटर ६० सेकंदांत होतो, ४५ च्या वेगाने ८० सेकंदांत आणि ४० च्या वेगाने ९० सेकंदांत; मागे बसलेल्याने दोन दगडांमधली वेळ पाहिली की झाले. आरपीएमचे मीटर चालू असेल तर त्याहून सोपे आहे, कारण एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण बदलत नाही. समजा चौथ्या गिअरला ४,००० वर ६० चा वेग येतो, तर ३,००० वर ४५ चाच येणार. दोन-तीन गिअरचे आकडे निघण्यापूर्वी कागदावर लिहून टाकीवर चिकटवावेत.

बागमांडला ते वेसवी ही सावित्रीच्या खाडीवरची फेरीबोट गाडी घेऊन जाते आणि मंडणगड, दापोलीकडे जाणाऱ्यांचा मोठा वळसा वाचवते. चढण्या-उतरण्याच्या उतारावर खारे पाणी आणि शेवाळ असते, तेव्हा तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. ते पाणी पुढच्या हबवर उडते. मुक्कामी पोचल्यावर हबची बाजू आणि केबलचा खालचा नट गोड्या पाण्याने धुवावा, मात्र पाण्याचा जोराचा झोत मारू नये. दापोलीत आम्ही हे केले. वाटेत पंक्चर निघाले तर चाक परत बसवताना हबच्या खाचा आणि मीटरच्या गिअरचे कान जुळले आहेत हे स्वतः वाकून पाहावे, पंक्चरवाल्यावर सोडू नये. न जुळता अॅक्सल (चाकाचा दांडा) आवळला की ते कान चेपले जातात.

पोलादपूरहून आंबेनळी चढताना माझा काटा स्थिर होता. घाट अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत, आणि एसटी समोर आली तर आपणच कडेला थांबावे. महाबळेश्वरला पोचल्यावर वरचा नट उघडून मी तारेचे टोक कागदावर टेकवले. डाग पडला नाही. नवी तार घातल्यावर दीड-दोनशे किलोमीटरनी ही एक तपासणी करावी, आणि डाग दिसला तर मीटरपर्यंत पोचण्याआधी वरचा भाग पुसून घ्यावा.

पुण्यात आल्यावर मित्राचे मीटर जुन्या घड्याळांसारखी मीटरे उघडणाऱ्या कारागिराकडे दिले. काचेची कडी उचकटून, वाटी धुऊन, दांड्याच्या बुशिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब देऊन त्यांनी ते परत जोडले. आता काटा गाडी थांबताच शून्यावर येतो. मी पुढच्या फेरीसाठी आणखी एक तार आणली आहे. ती मापाला घासून, मोठ्या वेढ्यात गुंडाळून सामानाच्या पिशवीच्या कडेने ठेवली आहे, कारण सीटखाली घडी घालून कोंबलेली तार बाहेर काढेपर्यंत वाकलेली असते.