मांडवा ते रत्नागिरी, एसटी आणि फेरीने (स्वतःची गाडी नसलेल्यांनी आधी वाचा)

सगळ्यात महत्त्वाचं आधी लिहिते. निघायच्या आधी आम्ही दिसेल त्याला विचारलं की खाडीच्या फेरीबोटीतून पलीकडे उतरल्यावर पुढे जायचं कसं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "अहो जेट्टीवर गाड्या उभ्याच असतात". नसतात. सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वीला तर अजिबात नसतात. हे सांगणारे सगळे स्वतःच्या बाईकवरून नाहीतर कारमधून गेलेले, फेरीचा रॅम्प खाली पडला की ते गाडी काढून निघाले, मागे पायी उतरलेल्यांचं काय होतं ते त्यांनी कधी बघितलंच नाही.

रस्ता नेहमीचाच. गेटवेवरून लाँचने मांडवा, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते, ते उत्तम आहे (पावसाळ्यात बंद असतं). गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या नेणारी मोठी बोट) आहे, आपल्याला त्याचं काही काम नाही. मग एसटीने मुरूड, तिथून आगरदांडा, फेरीने दिघी, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, केळशी, आंजर्ले, दापोली, मग दाभोळ ते धोपावे, गुहागर, तवसाळ ते जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. दिवेआगर आणि आंजर्ले सुंदर आहेत, जा, त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय.

आता वेश्वी. आम्ही हरिहरेश्वरला देवळात जाऊन, खडकावरची प्रदक्षिणा करून, जेवून दुपारी निघालो आणि बागमांडल्याला चार वाजता फेरीत चढलो. चढताना तिथल्या माणसाला परत विचारलं, केळशीला जायला काही मिळेल का. "भरपूर." खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत ते बघत पंधरा मिनिटांत पलीकडे. दोन मिनिटांत सगळ्या कार, बाईक चढ चढून गेल्या आणि जेट्टीवर उरलो आम्ही दोघं आणि टोपली घेतलेल्या एक आजी, त्या जवळच्या वाडीवर चालतच निघाल्या. त्यांनीच सांगितलं की मंडणगडची गाडी गेली, आता वस्तीची (रात्री गावातच मुक्काम करणारी) येईल आणि ती सकाळी सुटेल.

एक रिक्षा होती. केळशीचे पंधराशे. वीसेक किलोमीटरचे पंधराशे! आम्ही म्हणलं शेअर, तर म्हणाला माणसं कुठायत, स्पेशलच करावी लागेल. रिकामं परत यावं लागतं हे मला मान्य आहे, रस्ता चढउताराचा आणि खराब आहे हेही मान्य, त्यामुळे सातशे-आठशे मागितले असते तर मी एक शब्द बोलले नसते. नवरा म्हणायला लागला की बाणकोटपर्यंत चालू, तिथे काहीतरी मिळेल, मी म्हणलं पाठीवर सॅक घेऊन अंधार पडायच्या आत बाणकोटला पोचलो आणि तिथेही काही नसेल तर काय, त्यावरून आमचं तिथे जेट्टीवरच जोरदार वाजलं आणि रिक्षावाला शांतपणे बसून होता कारण त्याला माहीत होतं आम्ही कुठे जाणार नाही. शेवटी अकराशे दिले. आणि राग ह्याचा की वाटेत त्याने अजून दोन जण भरले, त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतले, आणि स्पेशलचे अकराशे आमच्याकडून तेवढेच. मांडव्यापासून तोवरचं आमचं दोघांचं एसटीचं आणि फेरीचं सगळं तिकीट मिळून एवढं झालं नव्हतं.

म्हणून: गाडीशिवाय बागमांडला-वेश्वी दुपारनंतर करू नका. सकाळची पहिली-दुसरी फेरी धरा. मुक्काम बुक करताना मालकाला स्पष्ट विचारा की वेश्वीला न्यायला कोणी येईल का आणि किती घेईल, आकडा फोनवरच ठरवा. आणि खरा उपाय हा, जो आम्हाला नंतर दाभोळला एका काकांनी सांगितला: फेरी पाण्यात असते तेव्हाच कारवाल्यांशी बोला. पंधरा मिनिटं सगळे गाडीतून उतरून रेलिंगला उभे असतात, फोटो काढत असतात, तेव्हा नीट विचारलं की मागच्या सीटवर दोन जागा सहज मिळतात. नवरा-बायको बघून लोक नाही म्हणत नाहीत. रॅम्प पडल्यावर हात दाखवून कोणी थांबत नाही.

दाभोळ-धोपावे मात्र पूर्ण वेगळा अनुभव. दाभोळला एसटी पार बंदरापर्यंत जाते, आम्ही संध्याकाळच्या फेरीत अगदी पुढे उभे होतो, वाशिष्ठीचं पात्र केवढं मोठं आहे तिथे, वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि पलीकडे गुहागरची गाडी खरंच उभी! मी अक्षरशः धावत जाऊन खिडकी पकडली. रस्त्याने हेच खेड-चिपळूण फिरून शंभराच्या वर किलोमीटर पडतं. ह्या एका फेरीसाठी सगळा प्रवास परत करेन.

एसटीबद्दल. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघांचा खर्च दीड तिकिटात होतो, तिकीट हातात आल्यावर बघून घ्या. बोर्डावर लिहिलेल्या वेळा बघू नका, चौकशी खिडकीत विचारा, आणि त्याहून बरं म्हणजे ज्या गावात राहताय तिथे वस्तीची गाडी येते का आणि पहाटे किती वाजता सुटते ते विचारा. कोकणात ती एक गाडी भरवशाची, शाळेच्या पोरांसाठी सुटतेच. शिमग्याच्या आणि गणपतीच्या आठवड्यात हा प्रवास करू नका, गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात.

राहण्याचं एक लिहायलाच हवं. माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं नाही. एका ठिकाणी आधार कार्डं बघून आम्हाला खोली नाकारली, फोनवर बुकिंग झालेलं असताना, रात्री साडेआठला, "फॅमिलीलाच देतो" म्हणून. लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. ठेवावा लागू नये, पण ठेवा, कारण रात्री साडेआठला गावात दुसरी खोली शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. जेट्टीवर बायकांसाठी धड टॉयलेट मिळेल ह्या भरवशावर राहू नका, निघायच्या आधी डेपोतलं वापरा. फेरीचं तिकीट माणशी तीसच्या वर आम्हाला कुठेच पडलं नाही पण सुट्टे ठेवा, खाडीत नेटवर्क जातं आणि यूपीआय फिरत बसतं.

तवसाळ: गुहागरहून हेदवीपर्यंत ठीक, दशभुजा गणपती करा, पण हेदवीहून पुढे तवसाळला गाड्या फार कमी, आम्ही तासभर उन्हात उभे होतो. जयगडला उतरल्यावर रत्नागिरीच्या एसट्या आहेत, फक्त गणपतीपुळे मार्गे आहे का ते विचारूनच चढा, कारण दुसरा रस्ता चाफे-निवळीवरून जातो आणि मग पुळे राहिलं बाजूला.

आणि दिशा. सगळे मुंबईकडून खाली जातात. गाडी नसेल तर उलटं करा. रेल्वेच्या दिवा पॅसेंजरने नाहीतर मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरी गाठा आणि वर या. दाभोळला उतरलं की स्टँड, बागमांडल्याला उतरलं की हरिहरेश्वर चार-पाच किलोमीटर, चालतसुद्धा होतं आणि रिक्षावाल्याला पंधराशे मागताच येत नाहीत, आगरदांड्याहून मुरूडही जवळच. चारपैकी तीन खाड्यांना उतरायची बाजू सोपी पडते. फक्त जयगडहून तवसाळला सकाळीच जा, तिथे दुपारी अडकलात तर परत वेश्वीच.