शुगरवाल्यांच्या ताटातला फराळ: आमची वाटचाल

मिरजेत आमचं फराळाचं दुकान १९८६ पासून आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, आणि सासूबाईंनी घरच्या पडवीत दोन शेगड्यांवर चकली, शेव आणि कडबोळी तळायला सुरुवात केली. माल खपायचा तो दवाखान्यांच्या रस्त्यावर. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, विजापूर-बेळगावकडून पेशंट येतात. त्यांचे नातेवाईक परतीच्या गाडीला निघताना भडंगाची नाहीतर चकलीची पुडी बांधून नेतात. म्हणून आमच्या काउंटरवर भावाच्या आधी एक प्रश्न येतो, "शुगर हाय, चालतंय का हे?"

हा प्रश्न आमच्या घरातही आला. २००४ मध्ये आप्पांना मधुमेह निघाला. त्यांची रीत अशी की प्रत्येक घाण्यातली पहिली चकली स्वतः मोडून बघायची. आतली नळी दिसली पाहिजे, आवाज कुरकुरीत आला पाहिजे, मगच पुढचा घाणा सोडायचा. मोडलेली चकली अर्थातच तोंडात जायची, आणि दिवाळीच्या हंगामात असे घाणे दिवसभर चालतात. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना तळलेलं बंद करा असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही दुसऱ्यांसाठी वजन करता, आता स्वतःसाठी करा."

आप्पांनी ते मनावर घेतलं. काट्यावर चकली ठेवली, आमची एक चकली साधारण वीस ग्रॅमची भरली. पुढे लॅबमधून तपासणी करून घेतली. शंभर ग्रॅम चकलीत जवळजवळ तीस ग्रॅम स्निग्धांश आणि पन्नासच्या वर कर्बोदकं. म्हणजे एका चकलीला शंभरेक कॅलरी, आणि वाटीभर भात खाल्ल्याइतकं पीठ पोटात जायला चार-पाच चकल्या पुरतात. चहाबरोबर गप्पांत तेवढ्या कधी संपतात ते कुणालाच कळत नाही. आप्पांनी स्वतःपुरती एक चकली ठरवली. तीही जेवणानंतरची चव म्हणून नाही. ती खायची तर त्या जेवणातली अर्धी भाकरी कमी. घाणा तपासायचं काम सासूबाईंकडे गेलं.

घरात शुगर तपासायचं मशीन होतं म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. साखरेचा चहा घेतला की शुगर लगेच चढते आणि लगेच दिसते. तळणाचं तसं नाही. तेलातुपामुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे दोन तासांनी तपासलं तर आकडा बरा दिसतो आणि चार-पाच तासांनी वर गेलेला असतो. "मी करंजी खाल्ली, काही झालं नाही" असं सांगणारी गिऱ्हाइकं आम्हाला रोज भेटतात. त्यांना मी आवर्जून म्हणते, एकदा उशिरानेही तपासा, आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी चुकवू नका. सणाचा महिना त्या तपासणीत लपत नाही.

२०१५ च्या सुमाराला मोठ्या शहरातले एक वितरक आमच्याकडे आले. चकली आमची, पाकीट त्यांचं, आणि वर ठळक अक्षरांत 'मधुमेहींसाठी'. ऑर्डर मोठी होती. त्या वेळी आम्हाला नवीन भट्टी घ्यायची होती, पैशाची गरजही होती. आम्ही नाही म्हटलं. पिठात थोडी नाचणी घातली म्हणून तळलेली चकली पथ्याची होत नाही, हे आम्हाला घरातच दिसत होतं. असं पाकीट हातात आलं की माणूस एकाच्या जागी चार खातो. शिवाय खाणारा तो कुणाचा तरी बाप असतो, आई असते. भट्टी दोन वर्षं उशिरा आली, इतकंच.

गुळाबद्दल तर मी बोलून बोलून थकत नाही. कोल्हापूर शेजारी, गूळ आमच्या रक्तात. त्यामुळे "गुळाचा अनारसा चालतो" हे घराघरात पक्कं बसलंय. गूळ बहुतांशी साखरच आहे, शुगर तो तशीच वाढवतो. वर अनारसा हा फराळातला सगळ्यात तूप पिणारा पदार्थ. त्याला जाळी पडते ती मंद आचेवर आणि तूप त्या जाळीतच बसतं. भडंगाचंही तेच. सांगली-मिरजेचा माणूस भडंग हलकं म्हणून पसाभर खातो. ते हाताला हलकं असतं खरं, पण मुरमुरे पटकन पचतात आणि शुगर झपाट्यानं चढवतात. आम्ही भडंगात शेंगदाणे आणि डाळं वाढवलंय, तरी मधुमेह असलेल्याला मूठभरच घ्या असं सांगतो. आणि शुगर फ्री करंजी आम्ही करत नाही. सारणातली साखर काढली तरी पारीत मैदा आहे, तळण आहेच. साखरेच्या जागी घालायची काही द्रव्यं जास्त झाली की पोटही बिघडवतात.

आमच्या हातात खरं काय आहे, तर तेल. मोहन कडकडीत घालायचं पण बेतानं. जास्त झालं की चकली तेलात विरघळते आणि पिते. तेल तापलंय का ते पिठाची गोळी टाकून बघायचं. गोळी तळाशी बसून राहिली तर थांबायचं, कारण थंड तेलात पडलेला घाणा तेल ओढतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ चा नियम आहे की तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवून खराब झालं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. आम्ही मीटर घेतलं, पण खरं सांगायचं तर सासूबाईंचं नाक त्याच्या आधी सांगतं. उतरलेलं तेल आम्ही कुणाला स्वस्तात विकत नाही, बायोडिझेलसाठी नेणाऱ्यांना देतो. डालडा तर दुकानात कधी आलाच नाही.

एक प्रसंग सांगते, कारण त्याचा उपयोग होईल. दुकानात एक आजोबा इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून आले होते, जेवायला उशीर झालेला. एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. शेजारच्या बाईंनी घाईनं बेसनाचा लाडू पुढे केला. आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो बाजूला ठेवला आणि पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. शुगर उतरली की साधी साखर किंवा ग्लुकोज लागतं, लाडवातलं तूप त्याला उशीर लावतं. माणूस शुद्धीवर असेल तरच पाजायचं, नाहीतर थेट दवाखाना. पंधरा मिनिटांत आजोबा सावरले, मग घरून आणलेला डबा आमच्याच बाकावर बसून खाल्ला. तेव्हापासून काउंटरखाली ग्लुकोजचा डबा असतो आणि कामावरच्या प्रत्येक मुलीला तो कधी काढायचा हे माहीत आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर दाखवली आहे. म्हणजे प्रत्येक वाड्यात, प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणीतरी आहे. दिवाळीत सगळे ताट घेऊन बसलेले आणि त्याला मात्र "तुला नको" असं म्हणून वेगळं बसवायचं, हे मला सहन होत नाही. त्यानं चोरून खाणं त्याहून वाईट. म्हणून आम्ही छोटी पाकिटं काढली. एक चकली, एक लहान करंजी, चमचाभर चिवडा आणि मागे प्रत्येकाचं वजन, कॅलरी आणि कर्बोदकं मोठ्या अक्षरांत. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे हा आप्पांचा आग्रह होता. गोळी-इन्सुलिनचा हिशेब मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायचा, ते पाकिटावर लिहिलेलं आहे.

नफा या पाकिटांत फारसा नाही, कागद आणि मजुरीतच जातो. लेक फूड टेक्नॉलॉजी शिकून आता धंद्यात आली आहे, ती भाजणीत तांदूळ कमी आणि डाळी जास्त घेऊन नवीन प्रमाण बसवते आहे. चकली अजून थोडी कडक होते, म्हणून विक्रीला काढलेली नाही. दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यानंतर घेतो. छोटी पाकिटं हवी असतील तर आठवडाभर आधी कळवावं, ती वजन करून हातानं भरावी लागतात.