एन २ लाख आहे, बघा तरी!

आज रत्नागिरीत कॉलेजच्या पोरांचा कोडिंगचा सराव पाहिला. हात भराभर चालतात, पण प्रश्नाखालच्या मर्यादा कोण वाचतंय! एन, म्हणजे दिलेल्या आकड्यांची संख्या, २ लाख असताना लूपमध्ये लूप (प्रत्येक आकड्यासाठी सगळे आकडे पुन्हा तपासणं) म्हणजे ४,००० कोटी फेऱ्या. सी++ सारखी वेगवान प्रोग्रॅमिंग भाषासुद्धा सेकंदाला काही दहा कोटीच करते. आकडे सॉर्ट करून (क्रमाने लावून) बायनरी सर्च (दर वेळी अर्धा भाग वगळत शोध) लावला की ३६ लाखांच्या आसपास भागतं.

दुसरा घोळ इंटचा, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकाराचा. लाख गुणिले लाख केलं की हजार कोटींऐवजी स्क्रीनवर १४१००६५४०८ उमटतं, कारण इंटमध्ये २१४ कोटींच्या वर मावत नाही. लाँग लाँग हा मोठा प्रकार घ्या.

आयसीपीसी या कॉलेजांच्या कोडिंग स्पर्धेत तिघांना एकच कॉम्प्युटर, सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक चुकीला २० मिनिटं दंड. म्हणून आधी कागदावर सोडवा.

कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या वेबसाइटवरची फेरी बहुधा रात्री ८.०५ ला, आणि पावसात लाइट नेमकी तेव्हाच जाते! मग दुसऱ्या दिवशी व्हर्च्युअल, म्हणजे तीच फेरी नंतर वेळ लावून, द्या.