आमची वाटचाल: आधी पत्रा, मग पलंग

व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाइलमध्ये फर्निचरचे फोटो घेऊन येतं. पलंग कसा दुमडायचा, ओटा कुठे बसवायचा, लाकडाचा रंग कोणता. आम्ही मात्र आधी एवढंच विचारतो, गाडी घेतलीय का? ‘अजून नाही’ असं उत्तर आलं की मनापासून बरं वाटतं, कारण तिथून पुढे आम्हांला काही करता येतं. पलंग आणि ओटा कुठलाही चांगला सुतार करून देईल. त्याखालचा पत्रा कसा आहे, चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे किती वजन सोसतील आणि कागदावर काय लिहिलंय, यावर ती गाडी दहा वर्षं साथ देणार की दुसऱ्या पावसाळ्यात गळणार हे ठरतं. आमच्या छोट्या धंद्याची गेल्या काही वर्षांतली वाटचाल म्हणजे हे तपासायला शिकण्याचीच वाटचाल आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांनी वर्कशॉप टाकलं ते टेम्पोच्या बॉड्या आणि उसाच्या ट्रॉल्या बांधण्यासाठी. हंगामाच्या आधी ट्रॉल्यांची रांग लागायची आणि हंगाम संपला की दुरुस्तीला त्याच ट्रॉल्या परत यायच्या. वेल्डिंग कुठे तुटतं, चासीला तडा कुठून जातो, हे आम्ही लहानपणी तिथे बघितलं. पुढे अँब्युलन्सची आतली फिटिंग्ज, फिरतं ग्रंथालय, बेकरीच्या गाड्या अशी कामं येत गेली. बंद बॉडीच्या आत काम करायची सवय त्यातून लागली.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा पात्राबाहेर पडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आणि पूर ओसरल्यावर आमच्या दारात शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडच्या गाड्या उभ्या राहिल्या. आम्ही आसनं काढली, मॅट उचलली, दारांचे पॅनेल उघडले. वरून धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या गाडीत गाळ कुठे कुठे दडून बसतो हे त्या दोन-तीन महिन्यांत हाताला कळलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, त्याच महिन्यात चिपळूणही बुडालं. अशा गाड्यांतल्या बऱ्याच नंतर विक्रीला निघतात, आणि जिल्हा बदलला की त्यांचा पूर कुणाला आठवत नाही.

म्हणून आजही कुठलीही गाडी बघताना आमच्याकडे पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरकाकांचा पहिला हात सीटबेल्टकडे जातो. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. रोज वापरात येणारा भाग लोक धुतात, गुंडाळीच्या आतला शेवटचा वीतभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की पाणी कुठवर चढलं होतं ते समजतं. मग आसनांच्या रुळाचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे वायरींचे जोड, मागच्या दिव्यांच्या घरात साठलेली बारीक माती. पुराची गाडी इंजिनाने कदाचित नीट चालेल, पण तिच्या वायरिंगवर आम्ही घराची वीज टेकवत नाही. अशी गाडी आम्ही सरळ नाकारतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर लोकांना हॉटेलांपेक्षा आपल्या गाडीत झोपणं सुरक्षित वाटू लागलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आणि चौकशा एकदम वाढल्या. पुण्याहून, सांगलीहून, पणजीहून फोन यायचे. निवृत्त शिक्षक दांपत्यं, नवी नोकरी घरून करणारी मुलं, एक पक्षी-निरीक्षकांचा गट. बहुतेकांचं बजेट नव्या गाडीचं नव्हतं, आणि मग प्रश्न उरायचा तो जुनी कुठली घ्यायची हा.

आम्ही तेव्हा ठरवलं की तपासणीचे पैसे वेगळे घ्यायचे, गाडी पास झाली तरी आणि नापास झाली तरी तेवढेच. जुन्या गाड्यांच्या दलालांकडून कमिशन घ्यायचं नाही. सुरुवातीला काही दलाल नाराज झाले. पण जो माणूस निवृत्तीच्या पैशांतून गाडी घेतोय त्याला ‘घेऊ नका’ असं सांगायला आपले हात मोकळे असलेच पाहिजेत, यावर बाबा ठाम होते, आणि आम्हीही आहोत.

आपल्याकडे कॅम्परसाठी प्रामुख्याने तीन गाड्या डोळ्यांपुढे येतात. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे, तालुक्याच्या गावालाही तिचा मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात. ३०५०, ३३५० पासून ४०२० पर्यंत जे आकडे गाडीच्या नावापुढे लागतात ते पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. दोघांसाठी आम्ही ३३५० च्या पुढे जायला सांगत नाही, आंबोलीच्या वळणावर लांब गाडीचा ताण चालवणाऱ्याच्या खांद्यांना कळतो. विंगरचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही आणि आतली जमीन खाली बसते; चढउतार करायला वयस्कर माणसांना ती फार सोयीची. तिसरी ईको, २०१० मध्ये आलेली. छोटं इंजिन, उभं राहता येत नाही, पण घराच्या पार्किंगमध्ये मावते आणि रोजच्या कामालाही चालते.

गाडी आधी काय करत होती, हे आम्ही मॉडेलपेक्षा जास्त खोदून विचारतो. शाळेची गाडी किलोमीटरने कमी चाललेली असते, पण क्लच आणि ब्रेक थांबत-थांबत झिजलेले असतात. अँब्युलन्सचा मीटर खोटा नसला तरी अपुरा असतो. एसी आणि उपकरणांसाठी इंजिन तासन्‌तास उभ्या जागी चालू राहिलेलं असतं, ते किलोमीटरमध्ये दिसत नाही. शिवाय तिची जमीन वारंवार जंतुनाशकाने धुतलेली असते. हायपोक्लोराइटचं पाणी व्हिनाइलच्या कडेतून खाली उतरलं की पत्रा खालून खात जातं. मासळी किंवा बर्फ वाहिलेली गाडी आम्ही उघडूनही बघत नाही. आतापर्यंत भेटलेल्यांत सगळ्यांत चांगल्या निघाल्या त्या कंपनीच्या स्टाफच्या गाड्या, एकाच ड्रायव्हरच्या हातात राहिलेल्या आणि सर्व्हिसची बिलं फायलीत लावलेल्या.

नंबरप्लेटही बरंच सांगून जाते. एमएच-०८ किंवा एमएच-०७, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाची पासिंग, असली की खाऱ्या हवेचा विचार करून खालून दुप्पट वेळ बघायचं. सोलापूर, नगरकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा त्याच वयात कितीतरी खणखणीत असतो. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्तात मिळतात, कारण हरित लवादाने २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे निर्बंध आणले. तिथला पत्रा अनेकदा उत्तम असतो. पण तिथली एनओसी, इथला कर, पुन्हा नोंदणी, हा सगळा हिशोब मांडल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघूनच व्यवहार करावा.

गंज शोधायचा तर गाडी पिटावर, म्हणजे खाली उतरून बघायच्या खड्ड्यावर, घ्यावी लागते, दुसरा उपाय नाही. नुसत्या खाली वाकून बघण्याने भागत नाही. सरकत्या दाराची खालची पट्टी, पायरीचा आतला कोपरा, चाकांच्या कमानी, काचेच्या रबराचे खालचे दोन्ही कोपरे, छतावर कॅरियरचे बोल्ट गेलेत तिथली जागा. आम्ही कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतो. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं, सडलेल्या पत्र्याचा आवाज दबका येतो. वरवरचा तांबूस गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. पाटे जिथे चासीला टांगलेले असतात तिथे पापुद्रे सुटत असतील, किंवा चासीवर नंतरच्या वेल्डिंगची रेघ असेल, तर तिथेच थांबायचं. ट्रॉल्यांच्या दिवसांत शिकलेलं आहे हे, ताण येतो तिथलं जोडकाम पुन्हा तिथेच सुटतं.

छतासाठी एक तपासणी आम्ही कधीच सोडत नाही. आतलं सिलिंग उतरवतो आणि वीसेक मिनिटं पाइपने वरून पाणी सोडतो. विकणाऱ्याला हे आवडत नाही, पण कॅम्परमध्ये या छताला आतून इन्सुलेशन आणि पॅनेल लागणार, म्हणजे पुढची कित्येक वर्षं तो पत्रा कुणाला दिसणार नाही. त्यात आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ रात्री थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. कोकणात श्रावणात एक रात्र काढून बघा. म्हणून पत्र्याला घट्ट चिकटणारा, पाणी न पिणारा नायट्राइल फोम आम्ही वापरतो आणि काचलोकर टाळतो. पण फोमखाली गंज जिवंत असला तर कुठलाच फोम उपयोगाचा नाही.

इंजिनासाठी मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचं आहे असं धरून चालायचं. थंड इंजिन कसं उचलतं, धूर काळा की निळा की पांढरा, किती वेळात निवळतो. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण काढून उलटं भोकावर ठेवायचं. झाकण उड्या मारायला लागलं आणि खालून धुराचे झोत यायला लागले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतोय आणि इंजिनाचं काम जवळ आलं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) डिझेल गाडीत आणखी एक बघायचं. ती फक्त गावातल्या गावात फिरली असेल तर धुराची गाळणी चोंदलेली असू शकते, आणि ती बदलणं महागात जातं.

यानंतर वाळूच्या गोण्या भरून आंबा घाट. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर गोड चालते, तिला पाण्याची टाकी आणि संसार घेऊन चढायचं आहे. चढावर तापमानाचा काटा आणि क्लच, उतारावर ब्रेक. गाडी एका बाजूला खेचते का, ते तिथे लपत नाही.

वजनाचा हिशोब गिऱ्हाइकाला समजावताना आम्हांला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो आम्ही आनंदाने देतो. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्या दोहोंमधल्या फरकात माणसं, सामान, फर्निचर सगळं बसवायचं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट पस्तीसेक किलो भरते, घरातल्यासारखं फर्निचर केलं तर अशा दहा-बारा शीट सहज जातात. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर. त्याऐवजी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंत येते आणि वापरायला मिळणारी वीज कमी पडत नाही, कारण ती जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते. म्हणून आम्ही ॲल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा आणि पातळ प्लाय वापरतो. गाडी घेतल्याबरोबर ती वजनकाट्यावर नेतो, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एका बाजूला ओटा आणि त्याच बाजूला टाकी आली की गाडी कायमची कलती.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथे अडकलेली माणसं आम्ही बघितली आहेत, त्यांची तगमग विसरता येत नाही. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि तो छाप आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळवायचा. बँकेची एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आरसीवरून उतरलीय का, थकलेली ई-चलानं किती, विमा कुणाच्या नावावर, गाडी पिवळ्या पाटीची की पांढऱ्या. सीएनजी असेल तर टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालीय का. पंधरा वर्षं भरत आलेली खासगी गाडी पुन्हा पासिंग करावी लागते आणि त्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा एवढं तरी गाडीत असावं लागतं, आणि टेबल सोडून बाकी सगळं पक्कं बसवलेलं असावं लागतं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेकडून मान्यता घ्यायचा तो रस्ता उत्पादकासाठी आहे, एकट्या जुन्या गाडीसाठी तो परवडत नाही. म्हणून जुन्या गाडीत आम्ही छत कापत नाही, लांबी-उंची बदलत नाही, आरसीवर जेवढी आसनं आहेत तेवढी जागेवर ठेवतो आणि त्यांच्याभोवती उचलून काढता येणारी रचना करतो. काम सुरू करण्याआधी नकाशा घेऊन आरटीओत मालकाला सोबत नेतो. ज्यांना पूर्ण घरच हवं असतं त्यांना आम्ही मान्यता असलेल्या बांधणीदाराकडे पाठवतो. काम हातचं जातं, पण अपघातानंतर विमा नाकारला गेला तर त्या कुटुंबाचं काय होईल, हा विचार आम्हांला बाजूला ठेवता येत नाही.

शेवटी मोजमाप. गिऱ्हाइकाला आम्ही रिकाम्या गाडीच्या जमिनीवर खरोखर झोपायला लावतो, आडवं आणि उभं. नवरा-बायको दोघांनाही, आणि जो उंच आहे त्याला आधी. कमानींमधली रुंदी त्याच वेळी खडूने आखतो. उभं राहायचं असेल तर जमिनीच्या आणि छताच्या थरांत मिळून पाच-सहा सेंटिमीटर उंची जाणार हे धरून डोक्यावर तळहात ठेवून बघतो.

सध्या आमच्याकडची आयटीआय झालेली दोन मुलं ईकोसाठी सुट्या पेट्यांचा संच तयार करत आहेत. प्रत्येक पेटीवर तिचं वजन कोरायचं, आणि सगळा संच दोन माणसांनी अर्ध्या तासात उतरवता यायला हवा, एवढं आम्ही त्यांना घालून दिलंय. पहिली पेटी स्वयंपाकाची झाली आहे. पाण्याची टाकी कमानीच्या मागे ठेवायची की आसनाखाली, यावर रोज दुपारी चहाच्या वेळी वाद चालू आहे, आणि टिंकरकाका आसनाखालीच ठेवा म्हणून बसले आहेत.