आखणीचा दिवस

आज गल्लीतल्या मंडळाने कबड्डीचं मैदान आखलं. पुरुषांचं, १३ बाय १० मीटर. दोरी ताणली की झालं असं वाटतं, पण कर्ण मोजल्याशिवाय उठू नये, दोन्ही १६.४० मीटर भरले तरच कोपरे काटकोनात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडायचीच ती, तिच्यापुढे एक मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा.

लाल माती आदल्या रात्रीच भिजवलेली. जास्त ओली राहिली तर रोलरला चिकटते, पार सुकली तर पहिल्याच पकडीत धुरळा. रेषांना चुना नकोच, घामात मिसळून डोळे आणि कातडी जाळतो. रांगोळी बरी.

माती चाळायला मात्र न खेळणारेच जास्त, चाळीतल्या काकूंसकट! एका खड्याने गुडघा कसा फुटतो, हे पोरांपेक्षा त्यांनाच ठाऊक.