लेकीचा डोळा सुजला, कारण निघालं नाकात

रविवारी सकाळी लेक उठली तेव्हा तिचा उजवा डोळा उघडतच नव्हता. वरची पापणी टम्म सुजलेली, लालसर जांभळी. वय नऊ. आठ-दहा दिवस सर्दी होती, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत होता, आणि शनिवारी रात्री अंगात ताप भरला होता. पण त्या सर्दीचा या डोळ्याशी काही संबंध असेल, हे आमच्या घरात कुणाच्याही मनात आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "रांजणवाडी उठत असेल गं, लवंग उगाळून लाव." शेजारच्या काकूंना वाटलं, डोळे आलेत. मीही मेडिकलमधून थेंब आणून घातले. आता कळतं की खुणा अगदी वेगळ्या होत्या. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, पापण्या चिकटतात, आणि बहुतेक वेळा एकाचं दुसऱ्याला होतं. रांजणवाडी पापणीच्या कडेला पुळीसारखी एका जागी दुखते. हिचा एकच डोळा, चिपडं अजिबात नाहीत, अख्खी पापणी सुजलेली आणि ताप १०२. सोमवारी गावातल्या दवाखान्यात दाखवलं. तिथे पापणी उचलून आतला डोळा कुणी पाहिला नाही. तापाचं आणि जंतुसंसर्गाचं औषध घेऊन आम्ही घरी आलो.

दुपारी ती म्हणाली, "आई, बाजूला बघितलं की डोळ्याच्या आत दुखतं." मी बोटाने पापणी हळूच वर केली. ती छताकडे बघून म्हणाली, "ट्यूबलाइट दोन दिसतायत." त्याच क्षणी आम्ही वाईहून साताऱ्याला निघालो.

तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी कसं तपासलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. आधी बोट फिरवून डोळा कुठे कुठे जातो ते पाहिलं. नाकाच्या दिशेने बघायला सांगितलं की उजवं बुबुळ मध्येच अडकायचं. समोरून कळत नव्हतं, पण डोक्याच्या बाजूने वाकून पाहिलं तर डोळा किंचित बाहेर आलेला दिसत होता. मग अक्षरांचा तक्ता, तो तिने बऱ्यापैकी वाचला. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बाहुली कशी आकसते ते पाहिलं. शेवटी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण तिच्यासमोर धरलं आणि एकेक डोळा झाकून विचारलं, "बाळ, दोन्हीकडून सारखंच लाल दिसतं का?"

"या डोळ्याने लाल आहे. त्या डोळ्याने विटकरी."

डॉक्टर आमच्याकडे वळले. "ताई, आजार डोळ्यातून सुरू झालेला नाही, नाकातून झालाय. दृष्टीच्या नसेवर ताण यायला लागला की अक्षरं दिसत असतानाच रंग फिका पडू शकतो, त्यातही लाल. आज रात्रीच पुण्याला न्या. उद्यावर टाकू नका." हे पत्र, हा फोन नंबर, मी बोलून ठेवतो, असं सगळं त्यांनी पाच मिनिटांत केलं. खंबाटकीचा बोगदा ओलांडताना ती माझ्या मांडीवर झोपली होती, आणि ही झोप तापाची की आणखी कशाची, या भीतीने मी तिला सारखी उठवत होते.

पुण्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. नाक आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये हाडातल्या लहान लहान पोकळ्यांचं जणू पोळं असतं, त्याला एथमॉइड सायनस म्हणतात. हे सायनस जन्मापासूनच असतात, कपाळातले मात्र बरेच उशिरा वाढतात. एथमॉइड आणि डोळा यांच्यामधलं हाड इतकं पातळ, की त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'कागदासारखं' असा आहे. त्यात शिरांसाठी बारीक भोकं असतात आणि तिथल्या शिरांना झडपा नसतात. म्हणून सायनसमधला संसर्ग सहज पलीकडे जातो. १९७० मध्ये चँडलर नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचे पाच प्रकार मांडले. पहिल्यात फक्त पापणी सुजते, डोळा नीट हलतो, नजर चांगली असते. पाचव्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्यात गुठळी होते. सीटी स्कॅनमध्ये आमची लेक तिसऱ्या प्रकारात निघाली: हाड आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामध्ये पू साठलेला. फिल्मवर डावीकडच्या पोकळ्या काळ्याभोर होत्या, म्हणजे हवेने भरलेल्या. उजवीकडच्या राखाडी.

शिरेतून अँटिबायोटिक्स सुरू झाली, नाकात थेंब सुरू झाले. लहान मुलांमध्ये पू थोडा असेल आणि नजर शाबूत असेल तर एक-दोन दिवस औषधांवर वाट पाहतात, असं डॉक्टर म्हणाले, पण लक्ष डोळ्यात तेल घालून ठेवायचं. दर चार तासांनी, रात्री दोनलासुद्धा, तक्ता, टॉर्च, बोट आणि लाल पेन. सिस्टर दर वेळी विचारायच्या: डोकं दुखतंय का, उलटी झाली का, दुसरा डोळा सुजतोय का? लेक कंटाळून रडायची. मी तिला सांगायचे, "पिल्लू, एवढं एकदा सांग, मग झोप."

बुधवारी सकाळी ताप उतरलेला नव्हता. आदल्या रात्रीपर्यंत ६/९ असलेली नजर ६/१८ झाली होती (६/६ म्हणजे चांगली, खालचा आकडा वाढला की नजर कमी), आणि लाल पेन आता "मातीसारखं" दिसत होतं. कान-नाक-घसा, डोळे आणि बालरोग, तिन्ही डॉक्टर एकत्र आले आणि त्याच दिवशी ऑपरेशन ठरलं. हे म्हणाले, "डोळ्याजवळ कापणार?" तसं नव्हतं. दुर्बीण नाकपुडीतून घालून, सायनस मोकळे करून, तिथूनच पू काढायचा होता. चेहऱ्यावर टाका नाही. संमतीपत्रावर दृष्टी जाण्याची शक्यता लिहिली होती. ऑपरेशन न केलं तरी ती शक्यता होतीच, आणि जास्त होती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं म्हणून माझी सही झाली. विम्याच्या मंजुरीची धावपळ धाकट्या दिरांनी केली, त्यातलं मला काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पापणी फटीएवढी उघडली. नाकातून रक्तमिश्रित पाणी येत होतं, तेवढं अपेक्षित होतं. पुवात कुठला जंतू आहे ते सांगणारा कल्चर रिपोर्ट आल्यावर एक औषध बदललं. रंग परत यायला मात्र वेळ लागला. पहिल्या दोन दिवसांत अक्षरं सुधारली, पण लाल तिसऱ्या दिवशीही "थोडं मळकं" होतं, आणि ते ऐकताना पोटात खड्डा पडायचा. आठव्या दिवशी घरी सोडलं. पोटातून औषधं पुढे दोन आठवडे, आणि दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं कच्चं पाणी चालत नाही. लवंगेचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लवंगेने पू झाला नाही, पण असल्या सुजेत प्रत्येक तास मोजायचा असतो." सासूबाई तिथेच होत्या. घरी आल्यावर त्यांनी सहाण उचलून माळ्यावर ठेवली, मी काही बोलले नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा पुण्याला गेलो. नजर दोन्हीकडे ६/६, डोळा सगळ्या दिशांना फिरतोय, नाकातला स्प्रे आणखी एक महिना. परतताना खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली होती. लेक खिडकीशी बसून एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पुढच्या ट्रकचे मागचे दिवे बघत होती. मी विचारण्याआधीच म्हणाली, "सारखेच आहेत, आई."